सुजलेले पाय आणि दुकानातलं स्टूल

(दुकानांत काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गरोदरपणात चपलेचा नंबर वाढला, असं सांगणाऱ्या अनेकजणी भेटतात. ते खरं आहे. या काळात सांध्यांचे बंध सैल होतात, वजन वाढतं आणि तळव्याची कमान बसते. अंगात पाणी धरतं, गर्भाशयाचा दाब पायांतून वर रक्त नेणाऱ्या शिरांवर पडतो. चालताना पोटरीचे स्नायू ते रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं. मग घोटे सुजतात, निळ्या शिरा फुगतात.

घरी म्हणतात, ‘पाय सुजायचेच!’ पण काउंटरमागे आठ-दहा तास उभं राहणं हा काही निसर्ग नव्हे, तो मालकाचा नियम आहे. गिऱ्हाईक नसताना बाई बसली तर दुकानाची कोणती अब्रू जाते?

जोडवी मात्र वेळेत काढून ठेवा. रुतली की कापावी लागतात, आणि वर अपशकुनाची बोलणी. नवऱ्याचं आयुष्य जोडव्यांत नसतं.

घरी पाय उशीवर उंच ठेवा, कुशीवर झोपा, घोटे फिरवत राहा. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. एकच पोटरी सुजून दुखू लागली, गरम लागली, तर चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही लगेच दवाखानाच.

केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या. 2018 साली तिथे तसा कायदा झाला, 2021 मध्ये तामिळनाडूत. गरोदर बाईने मागणी केली तर तिला फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, हे तर 1961 च्या प्रसूती कायद्यातच आलं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण ही सवलत बाळंतपणाच्या तारखेआधी साधारण दहा आठवड्यांपासून. त्याआधीच्या महिन्यांत तिने काय करायचं, यावर कायदा गप्प आहे. तेव्हा स्टूल सगळ्यांसाठीच मागायला हवं, गरोदर असो-नसो.

आणि ‘मागणी केली तर’ हे शब्द विसरू नका. अर्ज लेखी द्या, एक प्रत जवळ ठेवा. नमुना आणला आहे. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या ज्या असतील त्यांनी आत्ताच पुढे या, इथेच भरून टाकू.