आपण पूर्वी काय काम करीत होता?

(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. तरीही आज एका आजाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला घरचेच कारण आहे.

माझे मामू तरुणपणी चौदा वर्षे जहाजावर इंजिनरूममध्ये तेलवाला होते. नोकरी सोडून गावी आले आणि आंब्याची बाग सांभाळू लागले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना धाप लागू लागली, उजव्या कुशीत दुखू लागले. फुफ्फुसाभोवती पाणी झाले होते. क्षय समजून औषधे सुरू झाली. पाणी काढले की पुन्हा भरे. असे सात महिने गेले. शेवटी मुंबईला एका डॉक्टरीणबाईंनी विचारले, "चाचा, आपण पूर्वी काय काम करीत होता?" मामू म्हणाले, "जहाजावर होतो. वाफेच्या पायपांवरचे पांढरे वेष्टण फोडायचे आणि नवे बांधायचे. धूळ पिठासारखी अंगावर बसे."

आवरणाचा तुकडा काढून तपासला तेव्हा निदान झाले : मेसोथेलिओमा. वर्षभरात मामूंचा इंतकाल झाला. तो प्रश्न आधी विचारला असता तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. परंतु ते सात महिने वाया गेले नसते. यात दोष केवळ डॉक्टरांचा नाही. आम्ही घरच्यांनीही ते जुने काम कधी सांगितले नाही.

हा आजार म्हणजे काय? आपल्या फुफ्फुसांवर एक पातळ आवरण असते. तसेच ते पोटाच्या आतून आणि हृदयाभोवतीही असते. त्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉस. हे खनिज तंतुमय असून आगीला दाद देत नाही. म्हणून जहाजांतील बॉयलर आणि पायपांवर, गिरण्यांत, ब्रेकच्या अस्तरांत आणि सिमेंटच्या पत्र्यांत ते सर्रास वापरले गेले. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे आत जातात आणि तेथेच रुतून बसतात. आजार मात्र बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढतो. तोवर माणूस ते काम विसरून गेलेला असतो.

१९६० साली डॉ. वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. बहुतेकांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशी होता. १९६५ साली लंडनमधील ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ९ जणांच्या घरातले माणूस ॲस्बेस्टॉसचे काम करी. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. भगिनींनो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवा.

आता धोक्याच्या खुणा सांगतो. दिवसेंदिवस वाढणारी धाप. छातीत किंवा कुशीत, बहुधा एकाच बाजूला, राहणारे दुखणे. न जाणारा कोरडा खोकला. छातीत वारंवार होणारे पाणी. कारण नसता वजन घटणे आणि थकवा. पोटाच्या आवरणाला आजार झाला तर पोट फुगते व दुखते. यांतील बऱ्याच खुणा क्षयातही दिसतात, म्हणूनच गफलत होते. पण घाबरून क्षयाची औषधे स्वतःच बंद करू नका. डॉक्टरांना जुने काम सांगा आणि तपासणीविषयी विचारा. एक्स-रे व स्कॅनने संशय येतो. पक्के निदान तुकडा तपासूनच होते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो सहसा समूळ बरा होत नाही; पण वेळेवर कळल्यास उपचारांचे अधिक मार्ग खुले राहतात आणि त्रास कमी करता येतो.

आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही. धड पत्र्याखाली बसल्याने लगेच आजार होतो असे नव्हे. धोका तो कापताना, फोडताना, भोके पाडताना उडणाऱ्या धुळीचा आहे. असे काम मुलांच्या हाती देऊ नका. तुकडे कोरडे झाडू नका, पाणी मारून ओले करा. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जुनी जहाजे तोडण्याच्या कामावर कोणी असेल, तर त्याचे कपडे घरात झटकू नका. वेगळे भिजवून धुवा. विडी-सिगारेटने मेसोथेलिओमा होत नाही. परंतु ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला की, प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोवर जपावी. न्यायालय चाळीस वर्षांचा विचार करते, मग आपण घरी एक पानही का लिहू नये?

विद्यार्थी मित्रांनो, हाच आजचा गृहपाठ. आज रात्री दादा, नाना, अब्बा, चाचा यांच्याजवळ बसा. त्यांनी कोठे, कोणत्या साली, कसले काम केले आणि तेथे धूळ होती काय, हे विचारून वहीत लिहा. दादी-नानींनाही विचारा. जहाजाचे नोकरीपुस्तक, कारखान्याचा जुना पास असेल तर तो त्या वहीत ठेवा. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते पान त्यांच्यापुढे ठेवा.

आमच्या घरी अशी वही नव्हती. आपल्या घरी असावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.