स्वागताध्यक्षांचे भाषण
(स्त्रियांचे आरोग्य आणि सामाजिक विषमता परिषद, चकलांबा)

सन्माननीय अध्यक्ष, लांबून आलेले प्राध्यापक, डॉक्टर मंडळी, आशाताई आणि गावकरी बंधू-भगिनींनो,

चकलांब्यात आपलं मनापासून स्वागत! गाव आडवळणाचं, पण तालुका इतिहासातला. याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाला धूळ चारली. राघोबादादा गराड्यात सापडले होते. 18 वर्षांच्या पुतण्यानं त्यांना सोडवलं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. संयोजकांनी पाचच मिनिटं दिलीत, नाहीतर सगळी लढाई सांगितली असती.

आमच्या सुईण आजीची मात्र कुठल्याच बखरीत नोंद नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघायची. बिदागी म्हणजे पायलीभर ज्वारी नि खण. तिच्या हातून निम्मं गाव जन्मलं, मीसुद्धा. तिनं कुणाला ‘गर्भाची पिशवी काढून टाक’ म्हटलं नाही.

2019 साली बीडचं नाव देशभर झालं ते त्या पिशवीपायी. सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. फडावर ना संडास, ना आडोसा. अंगावरून जायला लागलं की कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं, आणि ऑपरेशनसाठी मुकादमाकडून पुन्हा उचल, म्हणजे आगाऊ पैसे. अमेरिकेत मिसिसिपीत 1961 साली फॅनी लू हेमर या कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या काळ्या बाईचं गर्भाशय तिला न विचारता काढलं होतं. कापूस आमच्याकडेही पिकतो, म्हणून तिचं दुःख लगेच कळलं. तिथं वर्ण आडवा आला, इथं जात आणि उचल.

आता उणिवा. मुक्काम शाळेच्या वर्गांत आहे, पाणी टँकरचं आहे, वीज तिच्या मर्जीनं येते. सांभाळून घ्या. एक उणीव मात्र सांभाळून घेऊ नका: ज्यांच्यावर निबंध वाचले जाणार, त्या बाया दिवाळीनंतरच सांगली-कोल्हापूरकडे गेल्या. तारखा कॉलेजांच्या सोयीनं ठरल्या. पुढची परिषद पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून त्या परतल्यावर, मे महिन्यात घ्या. ऊन तुम्ही सोसा, मांडव आम्ही घालू.

मंडपवाले, किराणा देणारे व्यापारी, ज्वारीची पोती पाठवणारे शेतकरी, फुकट स्पीकर लावणारी पोरं, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या ताया, सर्वांचे आभार. ज्यांचं नाव राहिलं त्यांनी रुसू नये. वर्गणीची पावती सर्वांना मिळेल. पहिली पंगत एक वाजता, शाळेच्या मागं. जय महाराष्ट्र!