पोटातल्या बिऱ्हाडकरूंचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी माझी एक चूक सांगणार आहे. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा सासूबाई रोज नाचणीची भाकरी खात. त्यांचे माहेर वेल्ह्याकडचे, तोरण्याच्या पायथ्याचे. नाचणी म्हणजे गरिबाघरचे अन्न असे मला वाटे. मी हट्टाने त्यांना पांढरा मऊ भात सुरू केला. पुढे त्यांचे पोट साफ होईना. "अगं, माझ्या पोटाला काही काम दे," असे त्या म्हणत. मी चूर्ण आणून दिले!

काम कोणाला हवे होते, ते धाकटी मुलगी कॉलेजात गेल्यावर तिच्याकडून कळले. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजंतूंचे बिऱ्हाड असते. धान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तेच त्यांचे जेवण. १०० ग्रॅम नाचणीत तो सुमारे ११ ग्रॅम, तर पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमांहूनही कमी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे कोष्टक सांगते.

गंमत पुढेच आहे. हे जंतू एकमेकांच्या आधाराने जेवतात. एक जात चोथा फोडते. त्यातून दह्यात असते तसले आम्ल उरते, ते उष्टे दुसरी जात खाते आणि ब्युटिरिक आम्ल तयार करते. खवट लोण्याला वास येतो तो ह्याचाच. नाक मुरडू नका; मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन तेच! पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांना भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा ही दोन कुळे विशेष आढळली. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिले कूळ चोथा फोडणारे, दुसरे असले उष्टे खाणारे.

आणि बिऱ्हाडकरू उपाशी राहिले तर? त्याच वर्षी उंदरांवरील एका प्रयोगात दिसले, की चोथा बंद होताच काही जंतू आतड्याचा बुळबुळीत थरच खाऊ लागले. भाडेकरूंनी घराच्या भिंती पोखराव्या, तसे. उंदरांचे सगळेच माणसाला लागू होते, असे मात्र नाही.

मी लगेच नाचणी पुन्हा सुरू केली, ती दोन्ही वेळा! दोन दिवस सासूबाईंचे पोट फुगले. रोडावलेल्या जंतूंना वाढायला अवधी लागतो, हे ध्यानात घ्यायला हवे होते. मग आधी चतकोर, आठवड्याने अर्धी, आणि पाणी भरपूर, असे केले. ज्यांना पोटाचे जुने दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावे.

नाचणीची आंबील मागच्या पडवीत ठेवली आहे. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी काही वगळले असेल तर त्या सांगतीलच.