मामाच्या फोटोतले पाय

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. दरवर्षी या मंचावर मी ध्वनिक्षेपकाच्या वायरी बघतो, यंदा चिटणीसांनी माईकच हातात दिला. विषय आमच्या घरातला आहे. बोलावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बहिणीने परवानगी दिली, म्हणून उभा आहे.

आमच्या मिरजेच्या घरात एक जुना फोटो आहे. माझा धाकटा मामा दारात लाकडी खुर्चीवर बसलाय, हाफ पँट घातलेली. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच, सतराव्या वर्षी तो गेला. त्याला वारं गेलं होतं असं काही जण म्हणायचे, काही जण करणी म्हणायचे. आई त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायची. फोटोत त्याच्या पोटऱ्या चांगल्या जाडजूड दिसतात. आजी म्हणायची, पाय तर पैलवानासारखे, मग पोर चालत का नाही?

अनेक वर्षांनी माझा भाचा जिना चढताना कठडा धरायला लागला. चवड्यांवर चालायचा, पळताना पडायचा. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. तिकडे दीड-दोन वर्षं कॅल्शियम आणि टॉनिकं झाली. मध्येच रक्तात यकृताचे आकडे वाढलेले निघाले, म्हणून काविळीचं पथ्यही झालं. शेवटी मी बहिणीला इकडे बोलावून घेतलं. निम्हान्समध्ये त्याला फरशीवर बसवून ‘उठ बाळा’ म्हटलं आणि तो उठला, तेव्हाच डॉक्टरांचा चेहरा बदलला. सीपीके नावाची रक्ततपासणी झाली. आकडा साधारण दोनशेच्या आत असायला हवा, याचा कित्येक हजारांत. यकृताचे म्हणून जे आकडे वाढले होते, तेही स्नायूंतूनच आलेले होते. नंतर जनुकाची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं : डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

डुशेन हे एका फ्रेंच डॉक्टरांचं नाव. त्यांनी १८६० च्या दशकात या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. भाचा उठायचा त्या पद्धतीला गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं. म्हणजे माझा मामा आजारी पडला तेव्हा या आजाराला नाव मिळून शंभर वर्षं होत आली होती. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नव्हतं, एवढंच.

आता थोडं तांत्रिक. पण सहकारी समोर आहेत, त्यामुळे सोपं जाईल.

आपल्या स्नायूंत डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायू आकुंचन पावताना जो हिसका बसतो तो हे प्रथिन झेलतं, जसे आपले बफर झेलतात. ते नसेल तर प्रत्येक हालचालीत स्नायू थोडा थोडा फाटत जातो आणि त्याच्या जागी चरबी नि चिवट तंतू भरतात. मामाच्या पोटऱ्या जाड दिसायच्या त्या यामुळे. हे प्रथिन बनवण्याची सूचना एक्स या गुणसूत्रावर असते. माणसाच्या सर्वांत लांबलचक जनुकांपैकी हे एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं. त्यात कामाचे तुकडे ७९. शास्त्रज्ञांना हे जनुक सापडलं ते १९८६-८७ मध्ये.

हे ७९ तुकडे म्हणजे ७९ डब्यांचा रेक समजा. पुष्कळशा रुग्णांत, साधारण तीनात दोघांत, यातले एक किंवा अधिक डबे गायब असतात. आता गंमत बघा (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण शब्द सुचत नाही). किती डबे गेले याला फारसं महत्त्व नाही. राहिलेली दोन टोकं जुळतात की नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे जुन्या आयसीएफ डब्याला स्क्रू कपलिंग आणि एलएचबीला सीबीसी. मधले डबे काढल्यावर दोन्ही बाजूंना एकाच जातीची टोकं उरली तर गाडी आखूड होते, पण चालते. एकीकडे स्क्रू आणि दुसरीकडे सीबीसी उरलं तर गाडी तिथेच उभी. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात, त्यामुळे तिथेही जोडणीच्या जाती आहेत. भाच्याचे ४८ ते ५० हे तीन तुकडे नाहीत आणि टोकं जुळत नाहीत. ४८ ते ५१ असे चार गेले असते तर टोकं जुळली असती आणि आजार बहुधा सौम्य झाला असता. त्या सौम्य प्रकाराला बेकर म्हणतात. जास्त हरवलं असतं तर बरं झालं असतं, हे बहिणीला समजावताना माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही.

याच हिशेबावर एक औषध निघालं आहे. ५१वा डबा मुद्दाम वगळायला लावायचा म्हणजे टोकं जुळतात. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण त्याने आजार बरा होत नाही, गुण किती येतो यावर डॉक्टरांत वाद आहेत, आणि किंमत आपल्या पगाराच्या भाषेत सांगण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे. मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवली. त्या धोरणाखालच्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि आपल्या बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्सही आहे. सध्या भाच्याचं चाललंय ते स्टिरॉइडच्या गोळ्या, रोज पायांचे स्नायू ताणण्याचे व्यायाम आणि ठरावीक काळाने हृदयाची तपासणी यावर. उपचार नसतील तर ही मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास चालायची थांबतात, पुढे हृदय आणि श्वास यांवर येतं. उपचारांनी वर्षं वाढतात. आता तिशी गाठणारी मुलंही आहेत. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

यापुढचं सांगायला अवघड आहे.

मुलाला एक्स एकच मिळतो आणि तो आईकडून. मुलीला दोन, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बहुतेक वेळा सांभाळून घेतो. ती वाहक होते. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता अर्धी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही अर्धी. नात्यातल्या लग्नाने हे झालं का, असं लोक विचारतात. या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही. साधारण एकतृतीयांश मुलांत तर आधी घरात काहीच नसताना दोष नव्याने उद्भवतो. आमच्याकडे तसं नव्हतं. मामा आणि भाचा, दोघांना जोडणारी रेघ माझ्या आईतून जाते. रिपोर्ट समजावून सांगितला त्या रात्री आई स्वयंपाकघरात बसून मला म्हणाली, “माझ्यामुळे का रे?” मी म्हटलं, आई, तू काय केलंस? तुझ्या हातात होतं का? ती म्हणाली, “भावाला मीच उचलून न्यायची. आता नातवाला तीच उचलते.”

माझ्या वाट्याला आईचा चांगला एक्स आला. माझ्या मुलीला धोका नाही. पण मावशी वाहक असण्याची शक्यता अर्धी होती, तिच्या मुलीची त्याच्या निम्मी. मी राणी चन्नम्माने मुद्दाम गेलो आणि मावशीला सगळं सांगितलं. तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, “पोरीचं ठरत आलंय. लग्न होऊ दे, मग बघू. तू तोंड उघडू नकोस.” आणि मी नाही उघडलं. लग्नात पंगतीत वाढपही केलं.

नंतर मावसबहिणीला दिवस गेल्याची बातमी आली, तेव्हा मात्र झोप लागेना. फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “दादा, तुला दोन वर्षं माहीत होतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तिच्या रक्ताची तपासणी झाली. घरातला दोष नेमका माहीत असल्यामुळे तेवढंच शोधायचं होतं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिने आणि तिच्या नवऱ्याने कसे काढले ते तेच जाणोत. ती वाहक नाही निघाली. निघाली असती तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग सांगायला आपल्याकडे बंदी आहे आणि असायलाच हवी, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करायला १९९४ चा तोच कायदा परवानगी देतो. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. माझ्या गप्प बसण्याने तो निर्णय घेण्याची वेळच जवळजवळ निघून गेली होती. ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते. नवरा मात्र दिवाळीला फोन करतो. लग्नाआधी कळलं असतं तरी लग्न केलंच असतं, असं त्याने मला सांगितलं. खरं असेलही.

एक गोष्ट स्त्रियांसाठी. वाहक बाईला स्वतःला त्रास नसला तरी तिचं हृदय अधूनमधून तपासायला सांगतात. माझ्या बहिणीने पोराच्या धावपळीत स्वतःचा इको दोनदा पुढे ढकलला. तुमच्या नात्यात कुणी अशी आई असेल तर तिला हाताला धरून न्या.

भाचा आता चौदा वर्षांचा आहे. चाकाच्या खुर्चीत असतो. बुद्धिबळात मला हरवतो आणि गाड्यांचे नंबर माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ आहेत. तपासणीसाठी इथे येतो तेव्हा उत्सवाच्या दिवसांत आरतीला यायचा हट्ट धरतो. आज तो मागच्या रांगेत बसला आहे. या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. आत्ता चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून आणलं, त्यांचे आभार. पण अंगात आलेल्या मुलाला चार काकांनी सगळ्यांसमोर उचललेलं आवडत नाही, हे त्याने मला कानात सांगितलं. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. मी सकाळी टेपने मोजली. एकास बारा उतार धरला तर १८ फुटांचा रॅम्प लागेल, डाव्या बाजूला चपलांच्या मांडणीपर्यंत तेवढी जागा आहे. अध्यक्ष मान डोलवताहेत, म्हणून आत्ताच सांगतो : विसर्जनानंतरच्या रविवारी चार जण या. प्लायवूड आणि अँगल मी आणतो.