मूक साक्षीदारांची जबानी



खुनाच्या गुन्ह्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लाभतोच असे नाही. लाभला तरी भय, लोभ अथवा विस्मरण यांमुळे त्याची जबानी डळमळू शकते. घटनास्थळावरील निर्जीव वस्तूंना असे विकार नसतात. त्यांची भाषा उलगडणारे शास्त्र म्हणजे न्यायसहायक विज्ञान.

या शास्त्राच्या इतिहासात बंगालमधील जलपैगुडी येथील खटल्याला मानाचे स्थान आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धती सिद्ध केली. त्यानंतर थोड्याच काळात चहाच्या एका मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या अवस्थेत आपल्या बिछान्यावर आढळला. पेटी व तिजोरीतील रक्कम नाहीशी झाली होती.

संशय अनेकांवर गेला. मळ्यातील मजूर, जवळच मुक्कामास असलेले काबुली, कपड्यांवर रक्ताचे डाग आढळलेला स्वयंपाकी. सारेच त्या फेऱ्यात सापडले. ते रक्त मालकाच्या जेवणासाठी मारलेल्या कबुतराचे, असे स्वयंपाकी सांगत होता; पण त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

अखेर मृताच्या पेटीत एक बंगाली दिनदर्शिका मिळाली. तिच्या निळसर वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगातून पाहता त्यांपैकी एकात बोटाच्या रेषा दिसल्या. केंद्रातील नोंदींशी तो ठसा ताडून पाहिला असता, पूर्वी याच मालकाकडे चोरी करून तुरुंगात गेलेल्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी तो तंतोतंत जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे असल्याचे रासायनिक परीक्षणात आढळले. दूरच्या जिल्ह्यातून त्या नोकरास पकडून आणण्यात आले.

निकाल मात्र विचार करावयास लावणारा आहे. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी ठरविले, खुनाच्या आरोपातून मुक्त केले. तो तेथे आला होता, हे ठशाने सिद्ध केले. शस्त्र कोणी चालविले, हे ठसा सांगू शकत नव्हता. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे, त्याच्या तोंडी अधिक शब्द घालू नयेत, हा या खटल्याचा धडा होय. निरपराध्याचे रक्षण त्यातच आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. तिच्या अंमलाची तारीख राज्यशासनांनी पाच वर्षांच्या आत ठरवावयाची आहे. परंतु तज्ज्ञ पोहोचण्यापूर्वीच गर्दीने जमीन तुडविली, कोणी भांडी उचलून ठेवली, फरशी धुतली, तर प्रयोगशाळा काय करणार? जखमीस मदत अवश्य करावी. त्यापलीकडे कशासही हात न लावता पोलिसांस कळवावे. गोळा केलेली प्रत्येक वस्तू पंचनाम्यात नोंदून मोहोरबंद होणेही तितकेच अगत्याचे आहे.

मूक साक्षीदार बोलतात. मात्र त्यांना न्यायालयापर्यंत सुखरूप पोहोचविणे, हे पोलिसांइतकेच नागरिकांचेही कर्तव्य आहे.