कानापुढे एक बोट



कान-नाक-घसा आणि दंतवैद्यक या दोन शाखांतले आपण एका मांडवाखाली क्वचितच बसतो. म्हणून अध्यक्ष या नात्याने मिळालेला वेळ मी एकाच रुग्णासाठी वापरणार आहे. तो आपल्या सगळ्यांकडे येतो. कान ठणकतो, दडा बसल्यासारखा वाटतो, आत आवाज येतो. आपण ऑटोस्कोप लावतो, पडदा स्वच्छ. ऑडिओग्राम, टिम्पॅनोग्राम ठीक. मग ‘कानात काही नाही’ म्हणत थेंबांची बाटली लिहून देतो. निरोगी कानात थेंब कशासाठी? रुग्णाचं दुखणं खरं असतं, फक्त ते कानातलं नसतं.

1934 साली सेंट लुईसचे कानतज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अशा 11 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, जबड्याच्या सांध्याचं टोक मागे सरकतं आणि नसेवर दाब येतो, अशी त्यांची मांडणी होती. 1948 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी ती खोडून काढली. कारण टिकलं नाही, पण रुग्ण होतेच.

आज आपल्याला अधिक पक्कं उत्तर देता येतं. हातोडी आणि ऐरण ही कानातली हाडं आणि खालचा जबडा गर्भात एकाच कमानीतून घडतात. चावण्याचे स्नायू आणि हातोडीला ओढून पडदा ताणणारा इवलासा स्नायू, दोघांनाही चालना मिळते ती ट्रायजेमिनल नसेच्या एकाच शाखेतून. त्याच शाखेची एक नस सांध्याची आणि कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीची संवेदना वाहते. सांधा दुखला की मेंदूची गल्लत होते. हातोडीपासून सांध्याच्या चकतीकडे जाणारा एक तंतू पिंटो यांनी 1962 मध्ये दाखवला. पण नेहमीच्या रुग्णात त्याचा मोठा वाटा असेल, असं मला वाटत नाही.

तपासणीला मिनिटभर पुरतं. दोन्ही तर्जन्या कानांच्या पुढे ठेवा आणि ‘आ करा, मिटा’ म्हणा. बोटाखाली कट्‌ असं लागतं, हनुवटी एका बाजूला झुकते. गालाचा स्नायू दाबा. रुग्ण दचकून म्हणतो, “हीच कळ, डॉक्टर, हीच कानात जाते!” ही ओळखीची कळ निदानात फार मोलाची, 2014 च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही तिला स्थान आहे. दात आवळायला सांगा, काहींच्या कानातला आवाज तिथल्या तिथे बदलतो. झोपेत दात खाता का, हे घरच्यांना विचारा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेली तरुण मुलं ओपीडीत येतातच. टाळूचे स्नायू ताठरले की घशाकडून कानाकडे जाणारी नळी नीट उघडत नाही आणि कानाला दडे बसतात. तंबाखू खाणाऱ्याचा कान दुखतोय आणि पडदा स्वच्छ आहे, तर जबड्याचं नाव घेण्याआधी जिभेचं मूळ आणि टॉन्सिल पाहा, मान चाचपा. घशातला कर्करोगही कानदुखी होऊन येतो. इथे चूक झाली तर रुग्णाचे महिने वाया जातात, आणि ते महिनेच त्याला हवे असतात.

दंतवैद्य मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: चावा बदलण्यासाठी दात घासून कमी करण्याची घाई करू नका. घासलेला दात परत येत नाही. मऊ जेवण, शेक, जबडा सैल ठेवण्याची सवय, व्यायाम, गरज पडली तर काढता-घालता येणारा स्प्लिंट; बहुतेकांना एवढ्याने उतार पडतो. कानातला आवाज नक्की जाईल, असं वचन मात्र कुणी देऊ नये.

कानाच्या केसपेपरवर जबड्याची एक ओळ असावी आणि जबड्याच्या केसपेपरवर कानाची, असा ठराव या अधिवेशनाने करावा, असं मी सुचवतो. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही ठरावाची वाट पाहू नका. उद्याच्या ओपीडीपासूनच सुरुवात करा.