मे महिन्यातील पाणी



शाळेच्या अंगणात बाग फुलावी म्हणून देणगी देणारे हात समाजात कमी नाहीत. रोपे, कुंपण, अवजारे सारे जूनमध्ये येते. केंद्र शासनानेही २०१९ साली शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. बागेतील मेथी, पालक, शेवगा मुलांच्या माध्यान्ह भोजनात यावा, हा त्यामागील हेतू. परंतु बागेची खरी परीक्षा मे महिन्यात होते. शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप आणि खानदेशचे ऊन! त्या काळात रोप करपले, तर देणगी वाया जातेच. शिवाय ‘लावलेले जगत नाही’ हा धडा मुलांच्या मनावर कोरला जातो.

यावरचे उत्तर साक्री तालुक्यातच आहे. बारीपाड्याचे वन राखणीतून उभे राहिले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी केली, राखणदार नेमले, नियम मोडणाऱ्यास दंड ठेवला. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल त्यांनी जपले. त्याच रानातील भाज्यांची पाककला स्पर्धा गावात भरू लागली. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा दात्यांनी देणगीचा अर्धा भाग उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा. त्यातून पाण्याची टाकी, ठिबकच्या नळ्या आणि सुट्टीतील राखणदाराचे मानधन भागेल. एरवी हात धुतलेले पाणी आळ्यांकडे वळवावे; सुट्टीत पालकांनी आठवड्याची पाळी घ्यावी. आणि दात्याच्या नावाचा फलक दुसऱ्या पावसाळ्यात लावावा. तोवर जगलेली झाडेच त्या नावाची साक्ष देतील.